न उडालेला बार

"बंदूक बघतलास?" तातोबा देसायांनी विचारलं, आणि आमच्या उत्तरासाठी न थांबता उठून त्यांनी खुंटीवरची बंदूक खाली काढली.

आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मी, माझे बाबा आणि पुंडलिकमामा. ताटलीत भाजलेले काजूगर होते. चहा होऊन गेला होता, आणि चहा घेऊन आलेली मुलगी, हेमलता, बघून झाली होती. खरं म्हणजे तिनेच मला जास्त नीट बघितलं असावं, कारण मी बहुतेक वेळ कपबशीकडेच बघत होतो. स्थळ मामाने आणलेलं. दोडामार्गाच्या बाजूला डोंगरउतारावर तातोबांची काजूची मोठी बाग होती, आणि हेमलता एकुलती एक. मी तेव्हा कुडाळला एका छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायचं काम. आमच्या मानाने हे घर मोठं होतं आणि बाबा सकाळपासून धोतराच्या निऱ्या सारख्या करत होते.

बंदूक ठासणीची होती. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आमच्या भागात अशा बंदुकांचे परवाने मिळतात. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग काथ्याचा बोळा, मग गोळी, आणि लोखंडी गजाने सगळं तळापर्यंत ठासायचं. मागच्या बाजूला ठिणगी देणारी टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. माझ्या आजोळी एक होती. सुट्टीत गेलो की आजोबा ती धुवायला मलाच बसवत.

"सागवानी दस्तो," तातोबा म्हणाले. "कारागिराकडे बसान करून घेतलेली. महिनो झालो. एकच खोड आसा तिका. दोन बार काढले की नळी आतून अशी काळी, चिकट होता की मगे गज आत जाणा नाय. नवीन असताना अशीच असता म्हणतत. वापरान वापरान गुळगुळीत जातली."

"धुतास मां रोज?" मामाने विचारलं.

"धुवूक तां काय लुगडां आसा?" तातोबा हसले, आणि अंगणात जमलेली मंडळीही हसली. बंदूक बाहेर निघालेली बघून बागेतले गडी हातातलं काम टाकून आले होते, शेजारची दोन-चार माणसं आली होती. दारात बायका उभ्या होत्या.

अंगणाच्या टोकाला फणसाचा वठलेला बुंधा होता. त्यावर कोणीतरी डालड्याचा रिकामा डबा ठेवला. तातोबांनी दारू ओतली, ठासलं, नेम धरला. बार झाला. पांढऱ्या धुराने अंगण भरून गेलं आणि नासलेल्या अंड्यासारखा वास पसरला. धूर विरला तेव्हा डबा खाली पडलेला होता. बाबा लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. मग आणखी एक बार झाला. मग आणखी एक.

तेव्हा दारातून हेमलता म्हणाली, "बाबा, आता नळी पुसून घेवा. कालचोपण मळ तसोच आसा आत. गरम पाणी ठेवू?"

तातोबांचा चेहरा बदलला. "गप ऱ्हव गो. पावण्यांसमोर मी काय आता भांडी घासूक बसतलंय?"

"पुसूक कितको वेळ लागता? नायतर गोळी..."

"तुका बंदुकीतला काय कळता? जा आत."

सगळ्यांसमोर. ती लगेच आत गेली नाही. एक क्षण तिथेच उभी राहिली, आणि मग वळली. मला तिच्या जागी आपणच असल्यासारखं वाटलं. मी पुन्हा कपबशीकडे बघायला लागलो, पण ती तर कधीच आत नेलेली होती.

तातोबांनी पुन्हा दारू ओतली. बोळा घातला. गोळी घातली. गजाने दाबायला लागले तर गोळी सरकेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. कपाळावर घाम आला. मग ओट्याखालचा एक लाकडी ठोकळा उचलून त्यांनी गजाच्या टोकावर घाव घातले. ठण, ठण. गज थोडा खाली गेला आणि थांबला.

"बसली," ते म्हणाले. "घट्ट बसली. आता बघा आवाज कसो येता तो!"

गज ओढून त्यांनी बाजूला ठेवला. टोपी बसवली. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि घोडा मागे ओढला.

मी ओट्यावरून उडी मारली आणि दोन्ही हातांनी त्यांचं कोपर धरलं.

"काय रे? काय झाला?"

"बार काढू नकात."

"कित्याक?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गडी, शेजारी, मामा, बाबा. दारात हेमलता पुन्हा आली होती. माझे हात थरथरत होते आणि ते तातोबांना कळत होतं, कारण त्यांचं कोपरही माझ्या हातात थरथरत होतं.

"माका भीती वाटता," मी म्हणालो. "आवाजाची."

"सोड हात."

"सोडूचंय नाय. तुमी ती खाली ठेवा आधी. माका खरीच भीती वाटता."

मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. आतून बांगड्यांचा आवाज आला, पदर तोंडाला लावून बायका हसत होत्या. तातोबाही हसले. त्यांनी घोडा हलकेच खाली आणला, टोपी काढली आणि बंदूक होती तशीच खुंटीला अडकवली.

"बरा बाबा," ते म्हणाले. "जावयाक भीती वाटता तर ऱ्हवांदे. आमच्या बागेत डुकर इलो तर तेका सांगूया, आवाज न करता मर."

हसू पुन्हा उसळलं. बाबा हसत नव्हते. ते आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

एसटीच्या थांब्यापर्यंत लाल मातीचा रस्ता होता. बाबा पुढे चालत होते. मी मामाबरोबर मागे. नेहमी तिघं असलो की बाबा मध्ये असत.

"तुका लाज वाटणा नाय?" मामा म्हणाला. "एक बार झालो असतो तर काय बिघडला असता? डोळे मिटून बसाचा होता."

गाडी आली. बाबा एका बाकड्यावर खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली.

देसायांचा निरोप चार दिवसांत आला. भित्र्या माणसाला मुलगी देणार नाही. निरोप घेऊन आलेल्याने तो आमच्या घरी सांगायच्या आधी बाजारात सांगितला होता. छापखान्यात मी सकाळी गेलो तर यंत्र चालवणारा लाडू नाईक माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने फुगवलेली कागदी पिशवी माझ्या कानाशी फोडली. मी दचकलो. कोणीही दचकेल. पण मी दचकल्यावर सगळा छापखाना पोट धरून हसला, आणि माझ्या हातातली जुळवलेली ओळ जमिनीवर सांडली. ते खिळे गोळा करायला मी खाली वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिलो.

हे रोजचं झालं. पिशव्या संपल्या की ते पाठीमागे टाळी वाजवत.

घरी त्याहून वाईट होतं. बाबा मला काही बोलत नव्हते. ते आईशी बोलत, मला ऐकू जाईल अशा आवाजात. "घरात चोर इलो तर ह्यो खाटल्याखाली जातलो." "म्हशीन शिंग दाखवला तरी ह्यो आवशीक हाक मारतलो." आई "गप बसा हो" म्हणायची. कोणी घरी आलं आणि माझ्याबद्दल काही निघालं की बाबा उठून गोठ्यात जात. मी त्यांना चेहरा दाखवायचं टाळायला लागलो. सकाळी ते परसात असताना निघायचो आणि ते जेवून आडवे झाल्यावर परत यायचो.

आणि मला स्वतःलाच खात्री नव्हती. आडवा झालो की तो गज डोळ्यांसमोर यायचा. तो नळीबाहेर किती उभा होता? वीतभर? की मला तसं वाटलं? गज जास्त वर राहिला तर गोळी तळाला गेलेली नसते, असं आजोबा सांगत; पण ती बंदूक मी आधी कधी हाताळली नव्हती. भरलेली असताना तिचा गज किती बाहेर राहतो ते मला कुठून कळणार? कदाचित तो तेवढाच राहत असेल. कदाचित सगळं ठीक होतं, आणि त्या धुराने, त्या आवाजांनी मी नुसता घाबरलो, आणि आता आपली लाज झाकायला कारण शोधतोय. म्हणून मी कोणालाच काही सांगितलं नाही. सांगून जर कोणी म्हणालं असतं, "चल, जाऊन विचारूया," आणि तातोबांनी हसत गज घालून दाखवला असता, तर मला पुढे कुठे तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

काजूचा हंगाम संपत आला तेव्हा एका रविवारी मामा आमच्या अंगणात आला. त्याच्या मागे तातोबा होते आणि तातोबांच्या मागे हेमलता. मी विहिरीवर होतो. कळशी तशीच ठेवून मी ओल्या हातांनी आलो. बाबांनी घाईघाईने सदरा चढवला, ओटीवर घोंगडी अंथरली.

तातोबा बसले नाहीत. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्या दिवशी आपल्या अंगणात हसणाऱ्या माणसाचे जणू कोणी गाल काढून घेतले होते.

"बसा तरी," बाबा म्हणाले.

"बोलान झाल्यार बसतंय," ते म्हणाले. 

हेमलता त्यांच्याकडे बघत होती. "सांगा, बाबा."

"सांगतंय गो."

शेवटी तीच बोलायला लागली. ती माझ्याकडे नाही, माझ्या बाबांकडे बघून बोलत होती.

"तुमी गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी बंदूक धुवूक काढलंय. धुवच्या आधी गज घालून बघूचो असता, आत काय आसा काय ता. गज आत जायना. बंदूक भरलेली ऱ्हवली की गज कितको वर ऱ्हवता तेची खूण मी कानशीन करून ठेवलेली. तो त्या खुणेच्या वीतभर वर होतो. गोळी अर्ध्यावरच अडकलेली. खाली दारू आणि मधी पोकळी."

बाबांना कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे चाप ओढलो असतो तर नळी फुटली असती," तातोबा म्हणाले. "माझ्या तोंडाशी. मी कारागिराकडे घेऊन गेलंय. तेणा मागचा बूच काढून दारू बाहेर ओतली, गोळी ठोकून काढली. तो म्हणालो, ह्यो बार कोण काढी होतो? तेच्या घरच्यांका सांगा, देवाक नारळ देवा."

मामा तोंड उघडं टाकून बघत होता.

"मळ धरलेलो," हेमलता म्हणाली. "दारूचो मळ. नवी नळी आतून खरखरीत असता, ती जास्त मळ धरता. दर बाराक ओलो फडको घालून पुसलो, मगे कोरडो, की काय होणा नाय. आता मी बोळ्याक मेण आणि खोबरेल लावतंय. दारू थोडी कमी घालूची. काम झाला की साबणाचा कढत पाणी. शाईसारखा काळा पाणी पडता पयला, मगे सफेत. आता हव्या तितके बार काढा, गज सरळ तळाक जाता."

ती हे सगळं एका दमात बोलली. मला वाटलं, त्या दिवशी दारातून तिला एवढंच सांगायचं होतं.

"दुसऱ्याच दिवशी म्हायत पडला तुमका?" मामाने विचारलं.

तातोबांनी मान हलवली. "दुसऱ्याच दिवशी."

"आणि नकाराचो निरोप तर मगे तीन दिवसांनी इलो."

हेमलता म्हणाली, "बाबा कोणाक सांगूक तयार नव्हते. मगे एक दुसरा स्थळ बघूक इला. मी भायर गेलंय नाय. बाबांका सांगलंय, तुमी कुडाळाक जाऊन खरा बोलल्याशिवाय मी कोणासमोर बसूचंय नाय."

तातोबांनी हात जोडले. माझ्या बाबांसमोर नाही, माझ्यासमोर. साठीचा माणूस, बोटांना काजूच्या चिकाचे डाग, आणि ते हात जोडलेले. माझ्याने ते बघवेना. मी पुढे होऊन ते हात खाली केले. माझे हात अजून ओलेच होते.

इतक्यात बाबा उठले. त्यांचा चेहरा उजळला होता. मी महिनाभर त्यांना तसं बघितलं नव्हतं.

"म्हटलाच होता मी!" ते मोठ्याने म्हणाले, शेजारच्या घरापर्यंत जाईल असं. "माझो झील भियाणारो न्हयच! माका पयल्यापासून म्हायत होता. पुंडलिक, तुका बोललंय नाय मी?"

मामाने त्यांच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. दारात आई उभी होती. तिनेही पदर सारखा करायचं निमित्त करून मान खाली घातली. बाबा हसत होते, तातोबांच्या पाठीवर हात ठेवत होते, आईला चहा टाकायला सांगत होते. छापखान्यात इतके दिवस पिशव्या फुटत होत्या तेव्हा मला माझी लाज वाटली होती. त्या ओटीवर मला बाबांची वाटली. ती जास्त जड होती. ती कुठे ठेवावी तेच कळेना.

"मी भियाललंय," मी म्हणालो.

"काय?"

"मी खराच भियाललंय, बाबा. हात थरथरत होते माझे. गज वर दिसलो म्हणान भियालंय. आणि माका नक्की म्हायतपण नव्हता. चुकलंयपण असतंय."

बाबांचं हसू तसंच राहिलं, पण त्यात जीव उरला नाही. हेमलताने मात्र त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

चहा आला. आणि चहाबरोबर, जसं काही घडलंच नव्हतं तसं, मामा आणि बाबा आणि तातोबा लग्नाच्या गोष्टी बोलायला लागले. वैशाखात की मार्गशीर्षात, देसायांच्या अंगणात की देवळात. तातोबांना बोलायला काहीतरी मिळालं म्हणून ते सुटल्यासारखे बोलत होते.

"हेमलताक इचारलास?" मी म्हणालो.

तिघंही थांबले. तातोबांनी मुलीकडे बघितलं.

"माका वेळ होयो," ती म्हणाली. "आज मी ह्याच्यासाठी इलंय नाय."

ती पुढे दिवाळीनंतर हो म्हणाली, तेही स्वतः छापखान्यात येऊन, लाडू नाईकाच्या समोर. आमचं लग्न झालं. तातोबा आणखी पुष्कळ वर्षं जगले. ती बंदूक त्यांनी कधी न धुता खुंटीला लावली नाही, आणि मी घरात असलो की माझ्यासमोर कधी ती उचललीही नाही. मी त्यांना कितीदा म्हटलं, घ्या, मला काही वाटत नाही. ते विषय बदलत.

पण मला सांगायचं आहे ते त्याच रविवारचं. मंडळी गेल्यावर बाबा ओटीच्या कडेला बसून राहिले. मी विहिरीवरची कळशी आणली, आत नेऊन ठेवली. बाहेर आलो तरी ते तसेच होते.

"माका तरी सांगूचा होता तुया," ते म्हणाले.

मी खांबाला टेकून उभा राहिलो. काहीतरी मऊ बोलावं असं मनात होतं. पण महिनाभर पोटात साठलेलं तेच बाहेर आलं.

"तुमी माका इचारूकच नाय."

ते उठून गोठ्यात गेले, आणि बराच वेळ म्हशीला वैरण घातल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तर ते दारात उभे होते. "छत्री घेतलंस?" त्यांनी विचारलं. आभाळात ढग नव्हता. "घेतंय," मी म्हणालो आणि आत जाऊन छत्री घेऊन आलो. त्या दिवसापासून बाबा मला विचारत राहिले. म्हैस विकू की ठेवू, कौलं या वर्षी परतायची की पुढच्या, भात कुठल्या जातीचं लावू, अंगणातला दिवा मालवू का. आपल्याला ठाऊक असलेलं, मला काही कळत नसलेलं, काहीही विचारत. शेवटच्या आजारात त्यांना दिसेनासं झालं तेव्हाही हात चाचपत विचारायचे, "पाणी पिव मां रे?" प्रत्येक वेळी माझी मान खाली जायची. आणि प्रत्येक वेळी मी उत्तर द्यायचो, नीट, पूर्ण, जणू ते खरंच माझ्याच सांगण्यावर अडून राहिलं होतं.